थुटांची वही

वही सरकारी. रेघा मारूनच येते.
कक्ष, जात, घेर, उंची, ताजं की जुनं, शेरा.
शेऱ्यासाठी बोटभर जागा.

पहिल्या वर्षी तिथे मी लिहायचे :
'रस ओला आहे. सालीवर मुंग्या.'
साहेबांनी लाल पेनानं खोडलं.
म्हणाले, बाई, एवढंच लिहा :
अज्ञात इसम.

तेव्हापासून अनेरच्या वरच्या अंगाचं सगळं जंगल
अज्ञात इसमानं तोडलं आहे.
त्याची करवत तेल पाजलेली, कुरकुरत नाही.
त्याच्या ट्रकमध्ये वर केळीचे घड,
खाली साग निजवलेला,
आणि चोपड्याच्या नाक्यावर
केळीची पानं उचलून कुणी बघत नाही.

भायला पावरा माझ्यासोबत फिरतो.
वनमजूर, रोजंदारीवर, अकरा वर्षं.
थुटाजवळ उकिडवा बसतो, टेप न लावता सांगतो,
एकशे दहा.
मी टेप लावते. एकशे आठ.
'दोन रात्रीतून आटले,' म्हणतो
आणि माझ्याकडे बघत नाही.

अंजनाला कुऱ्हाड घालणाऱ्याचे हात
दोन दिवस झिणझिणतात, हेही त्यानंच सांगितलं.
अडावदच्या बाजारात चहा पिताना
मी आता माणसांचे चेहरे पाहत नाही.
कपबशी कुणाची थरथरते ते पाहते.

पौषात एक बाई मोळीसकट सापडली.
मी काही विचारायच्या आत म्हणाली,
'झाड सरकारनं शे बाई, थंडी आमनी शे.'
मोळीत सगळं वाळकं,
धावड्याच्या दोन काटक्या तेवढ्या हिरव्या.
मोळी परत डोक्यावर चढवायला मी हात दिला.
त्या दिवशी वहीत : निरंक.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नाल्यात चौशिंगा होता.
मोटारसायकलच्या क्लचची वायर, मागच्या पायात.
फिरून फिरून त्यानं माती गोल खरवडलेली,
खळ्यासारखी स्वच्छ,
आणि वायर पोचेल तिथपर्यंतचं गवत खाल्लेलं.
म्हणजे बराच वेळ होता.
म्हणजे आम्ही येऊ शकलो असतो.
भायलानं वायर सोडवली, गुंडाळून खिशात घातली.
चौकीत खिळ्याला आता त्रेचाळीस टांगल्यात.
वारा आला की एकमेकींना लागतात.

जप्तीचा माल मार्चमध्ये लिलावात निघतो.
ज्याचा ट्रक धरला होता
त्याच्याच मेव्हण्यानं बोली लावली, रीतसर पावती घेतली,
आम्हा सगळ्यांना पेढे दिले.
मी खाल्ला. गोड होता.

मग मे महिन्यात अमळनेरला
मावसभावाच्या नव्या घराची वास्तुशांत.
जो तो चौकटीवरून हात फिरवत होता,
काय रेषा आहेत बघा, अस्सल साग.
मीही फिरवला.
वर कोपऱ्यात, पॉलिशच्या आत,
रंध्यातून सुटलेला अर्धा ठसा :
हातोडा माझाच, आकडा अर्धा.
उंबरा ओलांडताना पाय थोडा जास्त उचलला गेला.
मावशी म्हणाली, ठेच लागली का गं?

त्यानंतर वही मी उलटी केली.
मागच्या पानापासून उभी झाडं लिहिते.
या नोंदीला रकाना नाही, साहेबांना माहीत नाही.
भायला नावं सांगतो, त्याच्या बोलीतली,
कधी कधी एकाच जातीच्या दोन झाडांना दोन नावं,
एक वाकडं म्हणून, एकाखाली त्याची बहीण जन्मली म्हणून.
शेऱ्यात मी तेच उतरवते.
पुढून थुटं येतात, मागून झाडं.
मधली कोरी पानं मोजलेली नाहीत.

काल रात्री साडेबाराला
खालच्या वळणावर मोटारसायकल आली
आणि बंद झाली.
पुढे गेली नाही, मागे फिरली नाही.
भायलानं बिडी दगडावर विझवली.
मी वही शर्टात खोचली.
सालईचं एक पान खाली पडलं, तेही ऐकू आलं.
मग पहिला घाव.